पांढऱ्या रंगाचे तीन हात

माझ्या भावाच्या आयुष्यावर नाच बसवायचाय, असं सांगायला ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. नाच म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं गॅदरिंग येतं. तीस वर्षं मी गणित शिकवलं, आणि दर गॅदरिंगला मुलींच्या डोक्यात गजरे खोचायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. त्यामुळे नाचाबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. आणि माझा भाऊ म्हणजे अकरा वर्षं खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला माणूस. वाढलं तर जेवतो, विचारलं तर बोलतो. त्याच्यावर कसला नाच बसवणार, कपाळ!

पण ती त्याची विद्यार्थिनी निघाली. फुलंब्रीच्या ज्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा तिथली. आता तिशीची झाली होती. पुण्याला, मग बंगळूरला नाच शिकून परत आली होती आणि इथं शहरात एका शाळेच्या हॉलमध्ये चार-पाच जणांना घेऊन काहीतरी करत होती. त्याला ती समकालीन नृत्य म्हणायची.

“सरांनी एकदा मला फळ्यावर माझंच चित्र काढून दाखवलं, मावशी,” ती म्हणाली. “म्हणले, बघ, तू उभी कशी राहतीस ते. तव्हापासून मी माणसं कशी उभी राहतात तेच बघते. लई वर्षं झाली, पण ते काय डोक्यातून जात नाय.”

भाऊ आत खिडकीपाशी होता. तिनं जाऊन त्याच्या पायाला हात लावला. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “बस मिळाली का?” फुलंब्रीहून येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारतो. ती हो म्हणाली. ती शहरातच राहते, हे तिनं सांगितलं नाही. तेवढ्यावर ती मला आवडली.

मी परवानगी दिली. त्यामागं माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकते. भावानं पुन्हा हातात ब्रश धरावा, एवढी एकच गोष्ट मला अकरा वर्षं हवी होती. त्यासाठी मी कागद आणले, खडू आणले, वाढदिवसाला रंगांची मोठी पेटी आणली. ती पेटी अजून कपाटावर आहे, तिचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. मला वाटलं, स्वतःवर केलेलं काहीतरी हा डोळ्यांनी बघेल, तर आतून कुठंतरी हलेल.

आम्ही दोघंच. आई-वडील गेले, मी लग्न केलं नाही, त्याचं जमलं नाही. उस्मानपुऱ्यातलं हे घर वडिलांनी बांधलेलं, दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा. भाऊ रोज सकाळी काखेत एक बोर्ड मारून फुलंब्रीच्या बसला जायचा. बोर्ड उजव्या काखेत, त्यामुळे त्याचा उजवा खांदा कायमचा वर राहिला. चित्रं तो बोर्डावरच काढायचा, आणि एक झालं की त्यावर पांढरा रंग मारून दुसरं काढायचा. म्हणून त्याचं जुनं असं काही शिल्लकच नाही. मी ओरडायचे, अरे, एखादं तरी ठेव. तो म्हणायचा, “खाली हाय की ते.”

मग त्याची तब्येत बिघडली. आमच्याकडे असंच म्हणतात. पायाला लागलं की पाय मोडला म्हणतात, आणि डोक्याचं काही झालं की तब्येत बिघडली. आधी तो शाळेत वर्गातच बसून राहायला लागला. मग जाईनासा झाला. आणि एके दिवशी आतल्या खोलीच्या भिंतीवर त्यानं कोळशानं एक बाई काढली.

पाण्याच्या रांगेतली बाई होती ती. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते आजही कुणी सांगू शकत नाही, तेव्हाही टँकर यायचा, आणि टँकरच्या दिवशी अख्खी गल्ली हंडे-कळश्या घेऊन उभी. तो रांगेत जायचा, पाणी न भरता परत यायचा आणि एक माणूस भिंतीवर काढायचा. गेरू, कोळसा, कपड्यांना घालायची नीळ, गेटाचा उरलेला ऑइलपेंट, जे हाताला लागेल ते. आठ महिन्यांत ती भिंत भरली. पन्नासेक माणसं असतील. काढण्यात पाय जास्त, चेहरे कमी. समोरची चाची एका पायावर भार टाकून उभी, कोपऱ्यावरचा दर्जी कळशी डोक्यावर पालथी घालून, शेवटाला मी. तोंड उघडं. कुणावर तरी खेकसत असलेली.

चांगलं होतं ते. हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच लिहिते. न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

पण तो जेवत नव्हता. आंघोळ नाही, बोलणं नाही, स्वतःशी पुटपुटत त्या भिंतीशी दिवसभर उभा. गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि स्वतःला शोधून हसायच्या. एकदा तर एकीनं मला विचारलं, “बाई, तुम्ही खरंच अशा दिसता का हो?” शेवटी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. दीड महिना. घरी सोडायच्या आधी डॉक्टर म्हणाले, घरात जरा प्रसन्न वातावरण ठेवा. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती.

दिवाळीच्या आधी घराला रंग देणं ही आमच्या आईची शिस्त. घरात काही नसलं तरी चालेल, भिंती पांढऱ्या पाहिजेत. तेव्हा मी आमच्या नेहमीच्या रंगवाल्याला बोलावलं. म्हातारा माणूस, वडिलांपासून आमचं घर तोच रंगवतो. त्यानं बाहेरची खोली केली, व्हरांडा केला, आणि आतल्या भिंतीसमोर बादली ठेवून तो नुसता उभा राहिला.

“बाजी,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो मला म्हणाला, “इतकं अच्छं काढलंय भाऊनं. ह्याला बी मारू का?”

मी मारा म्हणाले. तो म्हणाला, “सोचून घ्या. एक दिन बाद मारतो.” मी म्हणाले, “चाचा, घर माझंय का तुमचं?”

पहिल्या हातानं काही झाकलं नाही. नीळ वर आली. माणसं आणखीच उठून दिसायला लागली, धुक्यात उभी राहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला, तरी पाय दिसत होते. मी म्हणाले, तिसरा मारा. तिसऱ्या हातानंतर भिंत पांढरी झाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. खरंच सांगते, मी चकल्या केल्या.

भाऊ घरी आला. खोलीत गेला. भिंतीकडे बघून म्हणाला, “छान झालंय.” मग खिडकीशी खुर्ची ओढून बसला तो बसलाच. पहिला आठवडा मी म्हणत होते, औषधांमुळं आहे. पहिलं वर्षसुद्धा तसंच म्हणत होते. नंतर म्हणायचं बंद केलं. पुढं एकदा तो आंघोळीला गेलेला असताना मी नखानं भिंत खरवडून बघितली. पांढऱ्याखाली पांढरं निघालं, त्याखाली पुन्हा पांढरं, आणि मग सिमेंट. माझ्या नखात कुठं रंगाचा कणसुद्धा आला नाही; नीळ, कोळसा सगळं त्या पांढऱ्यानंच पिऊन टाकलं असणार. मी संडासात जाऊन रडले, कारण आमच्या घरात रडायला दुसरी जागा नाही.

तर ती मुलगी. ती आठवड्यातून एकदा यायची, पोहे खायची, फोन मधे ठेवून माझं बोलणं उतरवून घ्यायची. मी तिला सगळं सांगितलं. बस, बोर्ड, खांदा, टँकर, दवाखाना. भिंतीचं सांगताना मी एकेक माणूस सांगितला. तिनं विचारलं, “मग ती भिंत कुठंय, मावशी?”

मी चहा गाळत होते. भाऊ आत होता, दार उघडं होतं.

“पुसली,” मी म्हणाले. “त्यानंच. दवाखान्यातून आला आणि स्वतःच्या हातानं पांढरी केली.”

तिचे डोळे भरून आले. तिनं मधे ठेवलेला फोन बंद केला. मग म्हणाली, “ह्यावरच संपंल आपलं काम.” मी चहात साखर घातली. आधी घातलेली होती, पुन्हा घातली. तिनं तो गोड चहा निमूट प्यायला. खोटं का बोलले, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. ती परकी होती, ती ते गावभर दाखवणार होती, लोक मला काय म्हणतील. ही सगळी खरी कारणं आहेत आणि सगळी मिळून लाज एवढाच अर्थ होतो.

तालमीला मी दोनदा गेले. पहिल्यांदा मला काही झेपलं नाही. गाणं नाही, तबला नाही, पाच जण स्टीलच्या बादल्या घेऊन अर्धा तास रांगेत उभे. एक जण गुडघा जरा वाकवतो, मग पाचवा मान वळवतो. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे सुरू झालंय की अजून व्हायचंय? आणि माझ्या भावाचं काम ती स्वतः करणार होती. माझा भाऊ, बाई करणार! पण मग ती एका कोपऱ्यातून चालत आली. उजवा खांदा वर. बोर्ड नव्हता, नुसतीच काख दाबून धरलेली. चालता चालता थांबली आणि अंगठा पायजम्याच्या शिवणीवर पुसला, खालून वर. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. मला स्वतःलाच आठवत नव्हतं. रंग लागला की तो असाच अंगठा पुसायचा, आणि त्याच्या सगळ्या पायजम्यांच्या शिवणी रंगलेल्या असायच्या, आणि त्यावरून मी त्याला बोलायचे. मी पदर तोंडात धरून बसले.

दुसऱ्या वेळी शेवट बघितला. रांगेतली माणसं पांढऱ्या पडद्यापुढं उभी राहतात, ती बादलीत कुंचा बुडवते आणि एकेकाच्या अंगावरून फिरवते. ज्याच्यावरून कुंचा गेला तो गोठतो. सगळे पांढरे झाले की ती शेवटचा फटकारा स्वतःच्या तोंडावर मारते. तालीम संपल्यावर पांढरं तोंड घेऊन ती माझ्याकडे आली. “बरोबर हाय का, मावशी? काय चुकलं असंल तर आत्ताच सांगा.”

सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणाले, “बरोबर आहे.”

प्रयोग संध्याकाळी सहाला होता. भावाला मी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यानं आपणहून खिशाला पेन लावलं, शाळेत जाताना लावायचा तसं, आणि मला वाटलं, झालं, हलायला लागलं आतून. रिक्षात तो बाहेर बघत होता. क्रांती चौकातली गर्दी बघून म्हणाला, “किती माणसं झाली गं, आक्का.” बसचं विचारणं सोडलं, तर अकरा वर्षांत त्यानं आपणहून काढलेला तो पहिला विषय असेल.

नाट्यगृह अर्धं भरलं होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता, आणि मी स्टेजकडे कमी, त्याच्याकडेच जास्त बघत होते. बादल्यांची रांग लागली तेव्हा तो पुढं वाकला. ती खांदा वर करून आली, अंगठा पुसला, तेव्हा त्याचा अंगठा गुडघ्यावर हलला. मी देवाचं नाव घेतलं. मी देवाचं नाव सहसा घेत नाही.

मग कुंचा निघाला. पहिला माणूस पांढरा झाला, दुसरा, तिसरा. ती भराभर एकेक फटकारा मारत पुढं जात होती. भाऊ माझ्या कानाशी वाकला.

“एका हातात नसतं झाकलं,” तो म्हणाला. “तीन लागतात. खाली नीळ हाय ना.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो स्टेजकडे बघत होता. रंग दिला तेव्हा तो दवाखान्यात होता. त्याला कुणी सांगितलं, चाचानं, शेजारणीनं, की दारात पाऊल टाकल्याबरोबर त्याला नुसत्या नजरेनं ते कळलं, मला माहीत नाही. त्या दिवशी “छान झालंय” म्हणताना त्यानं तीनही हात मोजलेले होते एवढं मात्र मला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि खोलीचं दार उघडं असताना, चहा गाळता गाळता मी जे बोलले, तेही त्यानं ऐकलेलं होतं.

टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. तिनं माइक घेतला आणि सांगितलं की ज्यांच्यावर हे केलं ते सर इथं आहेत. दोघांनी त्याला हात धरून स्टेजवर नेलं. मला वाटलं, आता तो सांगेल. मला ते हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तिनं पांढऱ्या हातानं माइक त्याच्यापुढं धरला. “सर, एवढंच विचारायचं होतं. एवढी भिंत तुम्ही का पुसली?”

तो माइककडे बघत राहिला. मग त्यानं दुसऱ्या रांगेत मला शोधलं. माझ्यावर नजर ठेवूनच म्हणाला, “दिवाळी होती.”

लोकांना ते फार आवडलं. पुन्हा टाळ्या झाल्या. माझ्या मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, काय बोलला बघ, कलावंत माणूस.

घरी येताना रिक्षात मी त्याचा हात धरला. अरे, तू ओरडला असतास तरी चाललं असतं, तू मला चार शिव्या का नाही घातल्यास, हे सगळं मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “खोटं का बोललास?”

“ती पोर लई राबली, आक्का,” तो म्हणाला. “आता कुठं बदलती?” आणि हात सोडवून घेऊन त्यानं खिशाचं पेन काढून माझ्याकडे दिलं. “हे ठिव. पडंल.”

त्या मुलीला खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण प्रयोगाला पुण्याचं बोलावणं आलं, मग आणखी कुठलं. ती पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला. बरोबर तिनं छापलेला कागद होता, त्यात लिहिलं होतं की या चित्रकारानं आपलं सर्वांत मोठं चित्र आपल्या हातानं नाहीसं केलं. आता ते छापून आलंय. मी काय सांगणार आणि कुणाला? जिला सांगायचं ती त्याच वाक्यावर गावोगाव टाळ्या घेत होती, आणि ज्यानं खोटं ठरवायचं त्यानं मला पाठीशी घातलं होतं.

या दिवाळीला रंगवाले चाचा आले. आता त्यांच्यानं शिडी चढवत नाही, खालून जेवढं होईल तेवढं ते करतात, वरचं त्यांचा मुलगा करतो. मी त्यांना बजावलं, आतल्या खोलीतली ती भिंत सोडून द्या. तिला हात लावायचा नाही. काय वेडेपणा, म्हणाल तुम्ही. तिथं काही नाही, हे मी नखानं बघितलेलं आहे. पण मला वाटलं, निदान वरून आणखी एक हात तरी नको. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. का, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

मी स्वयंपाकघरात होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर भावानं खिडकीशेजारची खुर्ची बाजूला ओढली होती, कॉट ओढली होती. चाचांच्या हातातला कुंचा त्याच्या हातात होता. चाचा समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

“अरे, ती नको,” मी म्हणाले.

“राह्यलीय कशाला एकच?” तो म्हणाला. “वंगाळ दिसतं.”

त्यानं कुंचा बादलीत बुडवला, काठाला दोनदा निथळवला, आणि आधी कोपरे घेतले, मग वरून खाली सरळ पट्टे. जमिनीवर एक थेंब पाडला नाही. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर चाललेलं होतं. भावाच्या हातात कुंचा होता आणि उजवा खांदा वर होता. मी दाराला धरून उभी राहिले. ज्या कोपऱ्यात त्यानं मला काढलं होतं, तोंड उघडं असलेली, तो त्यानं सर्वांत शेवटी घेतला.

झाल्यावर दोन पावलं मागं येऊन त्यानं भिंत बघितली आणि कुंचा चाचांना परत दिला.

“एक हात बस हाय,” तो म्हणाला. “आता खाली काय नाय.”

मग त्यानं अंगठा पायजम्याच्या शिवणीवर पुसला आणि खुर्ची पुन्हा खिडकीशी ओढून घेतली.